दोन वॅटचा दिनानाथ

दिनानाथ,

शाळेच्या स्मरणिकेवाल्यांनी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. मथळा त्यांनीच करून पाठवला आहे, 'ध्येयवेडा वायरलेसवीर'. मी तो खोडला. तू ध्येयवेडा नव्हतास, हट्टी होतास. आणि शौर्य म्हणावं असं तू एकच केलंस, सगुणाच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं बॅटऱ्या ठेवल्यास. तुला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. म्हणजे मी लिहीत असताना दारात उभं राहून 'बाई, हे तसं नव्हतं' म्हणायला तू नाहीस. ही सोय मला पहिल्यांदाच मिळते आहे आणि मी ती पुरेपूर वापरणार आहे.

तुझ्याशी बोलत सांगायला गेले तर दर ओळीला भांडण होईल, आणि दोन पानांत तू परीक्षेलासुद्धा बसून होणार नाहीस. म्हणून आता बाजूला हो. परक्या माणसाची सांगावी तशी तुझी गोष्ट सांगते. तीत एक मास्तरीण आहे, तिलाही परकीच धरते. तिचा कुणाला राग आला तर येऊ दे.

*

सत्यवतीबाई एकावन्न सालच्या जूनमध्ये उरणच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात विज्ञान शिकवायला आल्या. वय तेहतीस, मुंबईची बी.एस्सी., लग्न केलेलं नाही. गावाने या तिन्ही गोष्टींची चौकशी पहिल्या आठवड्यात उरकली आणि चौथं काही निघत नाही म्हणून त्यांचा नाद सोडला. गाव आगरी लोकांचं. पावसाळ्यात भात, दिवाळीनंतर मिठागर. खाडीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचं, तळाला पांढरं दिसायला लागलं की ओढून बांधावर राशी लावायच्या. बाईंना हे बाष्पीभवन या नावाने ठाऊक होतं. त्यात पाय किती फाटतात ते तिथे येऊन कळलं.

दिनानाथ त्यांच्या दारात आला तो दुसऱ्या वर्षी. सत्तावीस-अठ्ठावीसचा, काळा, सडपातळ, पायांना मिठाच्या भेगा आणि हातात एक छापील कागद, चार घड्या घातलेला. लढाईच्या दिवसांत चार वर्षं नेव्हीत वायरलेस ऑपरेटर होता. सत्तेचाळीस साली सुटून घरी आला आणि बापाच्या, म्हणजे बुधाजीच्या, हाताखाली दादूशेठच्या मिठागरावर मुकादम झाला. नेव्ही सुटली तरी बोटांतली मोर्सची टकटक सुटली नव्हती. जेवताना ताटाच्या कडेवर वाजवायचा. बायकोने, सगुणाने, शेवटी त्याला पत्रावळीवर वाढायला सुरुवात केली होती.

कागद सरकारी होता. हौशी लोकांनी स्वतःचं वायरलेस यंत्र चालवायचं असेल तर परवाना लागतो, परवान्याला परीक्षा लागते, त्या परीक्षेत काय विचारतात ते त्यावर छापलेलं होतं. टकटक त्याला येत होती, झोपेतही आली असती. पण विजेचं शास्त्र येत नव्हतं. शिकवाल का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, शनिवारी दुपारी ये, सहा महिन्यांत होईल.

तीन वर्षं लागली.

पहिले तीन महिने एकाच प्रश्नात गेले. वायरलेसची लाट पाण्यातून जात नाही, तिला तार लागत नाही, हवासुद्धा लागत नाही, मग ती कशातून जाते? बाईंनी सांगितलं, कशातूनच नाही, तिला काही लागत नाही. त्याने पुढच्या शनिवारी पुन्हा तेच विचारलं. बाई म्हणाल्या, मोठमोठ्या लोकांनी हे मान्य केलं आहे, तूही कर आणि पुढच्या धड्याला चल. त्याने मान डोलावली, पुढचा धडा घेतला, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाला की मान्य करतो, पण कळलं असं म्हणणार नाही.

हे त्याचं जन्माचं दुखणं होतं. जे स्वतःला पक्कं माहीत नाही ते तो बोलत नसे, लिहीत तर नसेच. पहिल्यांदा परीक्षेला बसला तेव्हा जवळजवळ अर्धा पेपर कोरा देऊन आला. बाईंनी प्रश्नपत्रिका घेऊन एकेक विचारलं तर सगळी उत्तरं येत होती. मग लिहिलं का नाहीस? तर म्हणाला, येत होतं, पण पक्कं येत नव्हतं. दुसऱ्यांदाही तेच. बाईंना वाटायचं, लढाईत कधीतरी चुकीचा संदेश लिहून घेतला असेल, त्यातून काही विपरीत घडलं असेल, मनाला लागलं असेल. एकदा धीर करून विचारलंही. तो म्हणाला, तसलं काही नाही, मी आधीपासून असाच.

सगुणाने त्याला दुजोरा दिला. नेव्हीत जायच्या आधीच तो तिला बघायला पनवेलच्या बाजूला गेला होता. घरी आल्यावर आईने विचारलं, पोरगी कशी आहे. हा म्हणाला, डावी बाजू बरी आहे, उजव्या बाजूला उजेड नव्हता. चार माणसं घेऊन बुधाजीला पुन्हा जावं लागलं. सगुणा हे बाईंना सांगत होती तेव्हा तो तिथेच बसून सोलून ठेवलेली वायर मोजत होता, आणि त्याने मान वर करून एवढंच सांगितलं की उजेड खरंच नव्हता.

पंचावन्न साली तिसऱ्या खेपेला तो पास झाला. परवाना यायच्या आधी पोलीस ठाण्यातून हवालदार घर बघायला आला. त्याने यंत्र दाखव म्हटल्यावर दिनानाथने बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. हवालदाराने झाकण काढून आत बराच वेळ पाहिलं, पुन्हा लावलं, आणि यंत्र कुठे आहे असं विचारलं.

कारण यंत्र तेवढंच होतं. मुंबईच्या चोरबाजारात लढाईतला मोडका माल यायचा, त्यातून वर्षभर जमवून आणलेले बॅटरीवर चालणारे तीन बोटभर व्हॉल्व्ह, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, एक क्रिस्टल, आणि संदेश ठोकायला करवतीच्या मोडक्या पात्याची पट्टी. हेडफोनही तिथलाच, वरची पट्टी तुटून दोन फाका वेगळ्या झालेला. ऐकायचं आणि बोलायचं दोन्ही त्याच डब्यात. गावात वीज नव्हती, म्हणून बॅटऱ्या. आणि बॅटऱ्या, म्हणून ताकद अवघी दोन वॅट. शहरात देवघरात लाल दिवा लावतात, त्यालासुद्धा याहून जास्त लागते. वर कोणत्या लाटेवर बोलायचं ते ठरवणारा क्रिस्टल एकच. म्हणजे आकाशात याला बसायला एकच पाट. त्या पाटावर त्याच वेळी कुणाचा कान असेल तर असेल, नाहीतर ठोकत बसा. एवढ्यावर त्याला समुद्रापलीकडे बोलायचं होतं. काय बोलायचं होतं? काही नाही. तू कोण, मी कोण, माझा आवाज तुला किती येतो, तुझा मला किती येतो. यासाठी तीन वर्षांचे शनिवार. बाई कपाळाला हात लावत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा, आता त्याच्या घरी, जात.

पहिली एरियल त्याने घरामागे शेवग्यापासून गोठ्यापर्यंत आडवी बांधली. सगुणाने पंधरवडाभर तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्यावर लुगडी वाळत घातली.  त्यापुढे गोधड्या आल्या, मग सोडे. सोड्यांमागून मांजरं आली, आणि मांजरांना हाकलायला सासूबाई काठी घेऊन बसू लागल्या. बाईंनी सगुणाला समजावून सांगितलं, ही वायर कामाची आहे. ती म्हणाली, "कामाची हाय तर मंग दिवसभर मोकली कशी लोंबते?" 

चिडूनच त्या दिनानाथला म्हणाल्या की इथे कोरड्या मातीत तुझी अर्धी ताकद मातीच खाते आहे. त्यापेक्षा एक कळकाचा बांबू उभा कर मिठागराच्या बांधावर, तार त्याच्यावर सरळ वर ने, आणि बुडाच्या तारा खाऱ्या पाण्यात सोड. खारं पाणी वीज खात नाही, आरशासारखी परत फेकतं. हे पुस्तकात आहे.

असं काही त्या एरवी सांगत तेव्हा तो आठवडाभर घोळवत बसे. या वेळी दुसऱ्याच दिवशी सतरा फुटी कळक दादूशेठच्या बांधावर उभा राहिला. आणि खरंच, नागपूर आलं, मद्रास आलं, दिल्लीचा एक सरदार आला, ज्याला दोन वॅट म्हटल्यावर विश्वास बसेना आणि त्याने आकडा तीनदा विचारला. बाईंना तेव्हा झालेला आनंद त्यांनी कुणाला दिसू दिला नाही. फक्त शनिवारबरोबर बुधवारीही जायला लागल्या. हेडफोनची एक फाक दिनानाथच्या कानाला, दुसरी बाईंच्या. पाच वर्षं टकटक ऐकून त्यांनाही ती समजायला लागली होती.

तारा तांब्याच्या होत्या. बी.एस्सी. झालेल्या बाईने हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं, पण नाही घेतलं. महिन्याभरात बांधालगतच्या दोन वाफ्यांत मिठाला हिरवट झाक आली. गड्यांनी ते बुधाजीला दाखवलं, बुधाजीने पोराला शिव्या दिल्या, आणि तेवढ्यात मालक दादूशेठ मुंबईहून रास बघायला आले. हिरवं मीठ कोण घेणार? दिनानाथने त्याच संध्याकाळी तांब्याच्या तारा काढून जस्ताच्या घातल्या, पण शेठचं डोकं फिरलं ते फिरलं. कळक काढा.

बुधाजी पोरासाठी शेठच्या पाया पडला नाही, तसला माणूस नव्हता तो. पण त्याने डोकं चालवलं. शेठला मोठेपणाची हौस आहे हे तो ओळखून होता. तो म्हणाला, शेठ, ही काठी साधी नाही, तुमच्या बांधावरून सातासमुद्रापार बोलणं जाईल, मुंबईत कुणाच्या जागेत असं आहे? शेठ विरघळले. म्हणाले, बरं, पण हे खरं कशावरून? नोंदवही असते ना? तीत बाहेरच्या देशाची एक तरी नोंद दिसू दे, शेजारी हायस्कुलातल्या बाईंची सही दिसू दे. होळीच्या आत. नोंद झाली तर काठी कायमची राहील, नाही झाली तर काढून होळीला द्या.

हे माघात ठरलं. होळीला सहा आठवडे होते.

त्या सहा आठवड्यांत दिनानाथ रोज काम आटोपल्यावर बांधावर जाऊन बसे आणि उजेड असेपर्यंत ठोके. बाई शाळा सुटल्यावर पोहोचत. एक दिवस रशियाच्या बाजूचा कुणीतरी ऐकू आला, पण त्याला हा ऐकू गेला नाही. एक दिवस कोलंबो नुसतं येऊन गेलं. गडी जाता येता विचारू लागले, आज कोण भेटला. बुधाजी विचारत नसे. लांबून काठीकडे बघून जात असे. दिनानाथला रात्री भूक लागेनाशी झाली, हे सगुणाने बाईंना येऊन सांगितलं, आणि तिने घरामागची जुनी वायर सोडवून, धुऊन, गुंडाळी करून त्याच्या डब्याशेजारी ठेवली. लागली तर असू दे, म्हणाली.

होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बुधाजी दोन गड्यांना आणि कोयत्याला घेऊन बांधावर आला. अजून सूर्य बुडायला अर्धा तास होता. तो बांधाच्या कडेला उकिडवा बसला, म्हणाला, तुमचं चालू दे.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी उत्तर आलं.

आधी दिनानाथचं नाव, म्हणजे सरकारने दिलेली अक्षरं, दोनदा. मग, दुरून, खालच्या आवाजात, आपण किती ऐकू येतो त्याचा आकडा, तीन-तीन-नऊ.  मग समोरच्याने आपलं नाव सांगायला घेतलं. प्रत्येक देशाची सुरुवात वेगळी असते आणि ही सुरुवात मॉरिशसची होती. दिनानाथ पेन्सिलीने एकेक अक्षर उतरवत होता. चार झाली, एक राहिलं, आणि त्याच क्षणी बुधाजी त्याच्या मोकळ्या कानापाशी वाकून म्हणाला, "काय रं, बोल्ला का कोन?"

पेन्सिल थांबली.

दिनानाथने लगेच उलट विचारलं, तुझं नाव पुन्हा सांग. आवाज एकदा वर आला, त्यात काही कळण्यासारखं नव्हतं, मग पाण्यात दगड बुडावा तसा गेला. पुन्हा विचारलं. पुन्हा. दहा मिनिटं फक्त खरखर. सूर्य खाडीला टेकला.

"एल," बाई म्हणाल्या. "शेवटचं अक्षर एल."

दिनानाथने मान वर केली. "तुमी ऐकलंत?"

"स्पष्ट. लिही."

"मी नाय ऐकलं."

"मी ऐकलं ना. तोच हेडफोन, तीच वायर. लिही आणि मोकळा हो. मी सही करते."

"वही माजी हाय, बाई. वहीत मी ऐकलेलं जातं."

बुधाजीला एवढं समजलं की अडलं आहे ते एका अक्षराशी. तो म्हणाला, "बाय सांगते ना? लिव. बाय खोटं सांगल काय?"

"बाई खोटं नाय सांगत," दिनानाथ म्हणाला. "पन मी ऐकलं नाय."

यानंतर बाई जे बोलल्या ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. सारांश असा, की पाच वर्षांत मी तुला विजेचा पहिला धडा शिकवला, लाटेचा शिकवला, तुझ्या पायी मिठाच्या चिखलात माझ्या दोन वहाणा गेल्या, आणि आज तू माझ्या कानावर विश्वास ठेवत नाहीस. तो म्हणाला, विश्वास आहे. मग लिही. त्याने नकारार्थी मान हलवली. मग ती चार अक्षरं आहेत तशीच राहू दे, मॉरिशस आहे एवढं त्यांतून कळतंच, मी खाली सही करते, शेठला काय कळतंय. इथे दिनानाथने वही मांडीवर ओढली, पाचव्या अक्षराच्या जागी एक आडवी रेघ मारली, आणि ओळीच्या शेवटी ठळक देवनागरीत, शेठलाही सहज वाचता येईल असं, लिहिलं: अपूर्ण.

मग वही बाईंपुढे सहीसाठी धरली.

बाईंनी सही केली नाही. अपूर्णावर सही करायला त्या त्याच्याइतक्या वेड्या नव्हत्या. त्या उठल्या आणि बांधावरून चालू लागल्या. मागे कोयत्याचे घाव ऐकू येत होते. दुसऱ्या संध्याकाळी गावच्या होळीत तो कळक मधोमध उभा होता आणि पोरं त्याच्याभोवती बोंबा मारत होती. बाई त्या वर्षी होळीला गेल्या नाहीत, खिडकीतून दिसलं तेवढं.

चौथ्या दिवशी दिनानाथ दारात आला, पहिल्यांदा आला होता तसाच, हातात घडी घातलेला कागद घेऊन. बाईंनी बस म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला, आणि एरवी तो एवढं एका दमात बोलत नसे.

त्याचं म्हणणं असं होतं. मी पत्र लिहू शकत नाही, कारण मला नाव पुरतं माहीत नाही. पण बाईंना माहीत आहे. नुसतं ऐकणाऱ्यानेही ऐकल्याचं पत्र पाठवायची आमच्यात रीत आहे, आणि त्याला उत्तर येतं. दादरला एक गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे जगातल्या सगळ्या परवानेवाल्यांच्या नावपत्त्यांचं जाडं पुस्तक आहे. बाई मे महिन्यात मुंबईला जातीलच. त्या पुस्तकात एल बघायचा, पत्ता उतरवून घ्यायचा, आणि स्वतःच्या नावाने चार ओळी लिहायच्या: अमुक दिवशी, अमुक वेळी तुम्ही आमच्या गावच्या माणसाच्या हाकेला ओ दिलीत ती मी ऐकली, ते तुम्हीच का? तो हो म्हणाला की झालं. मग मी अपूर्ण खोडीन. शेठ काठी पुन्हा लावू देतील, बाबाने तसं विचारून ठेवलं आहे.

"आणि तो मॉरिशसवाला आपणहून तुला लिहिणार नाही?" बाईंनी विचारलं.

"हाक मी दिली. पहिलं पत्र माजं जायला पायजे."

बाई म्हणाल्या, बघते. आणि कागद घेतला.

मे महिन्यात त्या मोऱ्याच्या बंदरातून बोटीने मुंबईला गेल्या आणि दीड महिना गिरगावात भावाकडे राहिल्या. दादरला ट्राम जात होती. पहिला आठवडा राग होता. ज्याला माझा कान चालत नाही त्याला माझं पत्र कसं चालतं? मग उकाडा होता. मग भाचीचं लग्न निघालं, त्यात पंधरा दिवस गेले. जूनच्या सुरुवातीला त्या दादरला गेल्याही, त्या गल्लीत शिरल्या, दारावरची पाटी वाचली. आतून कुणीतरी खोकलं. आणि बाईंना वाटलं, मी एकोणचाळीस वर्षांची बाई, एका परक्या घराची घंटा वाजवून काय सांगणार? की एका मिठागरावरच्या मुकादमाला एक अक्षर हवं आहे? त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूचे दोन खोके घेतले आणि परत फिरल्या. पाऊस लागून मोऱ्याची बोट बंद व्हायच्या आत गावी पोहोचायचं होतं, हे कारण खरंही होतं.

दिनानाथने विचारलं, मुंबईचं काम झालं का. त्या म्हणाल्या, जमलं नाही, दिवाळीत. दिवाळीत थंडी-ताप होता. पुढच्या मे महिन्यात भावाने घर बदललं. तो दर सुट्टीनंतर एकदा विचारत असे, त्याच आवाजात, आणि नाही म्हटलं की मान डोलावून दुसरा विषय काढी. एकदा जरी चिडला असता तरी बाईंनी दुसऱ्या दिवशी बोट पकडली असती. पण चिडणं त्याला येत नव्हतं, आणि त्याचाच बाईंना संताप होता.

नवी काठी त्याने घरामागे लावली, कोरड्या मातीत. नागपूर यायचं, मद्रास यायचं. रविवारी डबा सायकलला बांधून तो करंज्याला, पलीकडे रेवसला, कधी थेट किहीमच्या वाळूपर्यंत जाऊन ठोकून यायचा. समुद्रापलीकडचं कुणी आलं नाही. एकसष्ट साली बुधाजी गेला. त्यानंतर शेठने मिठागर दुसऱ्याला दिलं आणि नव्या मालकाला काठीचं काहीच माहीत नव्हतं. सहासष्ट साली भाद्रपदात दिनानाथला कावीळ झाली. अंगारे, झाडपाला, मग उरणचा डॉक्टर, असं उलट्या क्रमाने सगळं झालं. बाई बघायला गेल्या तेव्हा तो पिवळा पडून खाटेवर होता, आणि सगुणा त्याच्या उशाशी बसून, डोळे पुसत, तो तिला बघायला आल्याची गोष्ट जमलेल्या बायकांना पुन्हा सांगत होती. उजव्या बाजूला उजेड नव्हता म्हणे. तो हसला. बाईंना त्याने बसा म्हटलं, आणि दिवाळीला मुंबईला जाणार का, एवढं विचारलं.

बाई म्हणाल्या, जाणार.

त्या गेल्याही. पण तोवर तो उरला नव्हता, आणि दादरला त्या उतरल्या नाहीत.

चिठ्ठी बाईंकडेच राहिली. तीत त्याच्या नेटक्या अक्षरात तारीख आहे, वेळ आहे, तीन-तीन-नऊ आहे, आणि नावाची चार अक्षरं आहेत. पाचव्याची जागा त्याने कोरी सोडली आहे, रेघसुद्धा मारलेली नाही, कारण तिथे बाईंनी आपल्या हाताने एल लिहायचा होता आणि मग ती घेऊन दादरला जायचं होतं. दादर राहू दे, तो एलसुद्धा बाईंनी तिथे लिहिलेला नाही.